न ऐकलेलं बारावं गाणं

"एवढीशी आहे हो. आणि हिच्या भिंती कुठे उतरवल्यात?"

दिल्लीच्या द्वारका भागातल्या एका सोसायटीची लिफ्ट. विचारणाऱ्या शेख काकू मूळच्या मिरजेच्या, पण गेली वीस वर्षं मावशीच्या वरच्या मजल्यावर राहतात. प्रश्न मावशीला होता. मी दोघींच्या मधे सुटकेस धरून उभी होते. मी फारशी बोलत नाही, त्यामुळे मला ऐकूही कमी येत असावं असं लोकांना वाटतं आणि माझ्यादेखत माझ्याविषयी मोकळेपणानं बोललं जातं. या समजुतीचे फायदे आहेत, म्हणून मी ती कधी दूर केलेली नाही.

"भिंती नाहीत हो तिच्याकडे," मावशी ओशाळून म्हणाली. "लॅपटॉपवर लावते ती गाणी."

"अगं बाई! नुसता लॅपटॉप?" काकूंनी माझ्याकडे बघितलं. बिनघोड्याच्या नवरदेवाकडे लोक तसं बघतात.

घोळ असा होता. 'माझी भाची डीजे आहे आणि कार्यक्रमासाठी दिल्लीला येते आहे,' हे मावशीनं महिनाभर सगळ्या सोसायटीला सांगितलं होतं. आमच्या मुलुखात डीजे हा माणूस नसतोच. डीजे म्हणजे ट्रकवर रचलेली स्पीकरांची भिंत. तिच्यापुढे मिरवणूक नाचते आणि तिच्यामागे राहणाऱ्यांच्या काचा थरथरतात. मिरजेच्या बाईनं भिंतींची चौकशी करणं अगदी रास्त होतं. मला पाहून तिचा जो विरस झाला, तोही रास्तच.

मी करते ते काम याच्या बरोबर उलटं आहे. पुण्यात आम्ही वीस-पंचवीस जण दर शनिवारी संध्याकाळी स्विंग नाचतो. हा जोडीनं करायचा नाच. उसळी आणि गिरक्या पुष्कळ. नव्वद-शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या नाचघरांत तो जन्मला, आणि सध्या एरंडवण्यातल्या एका योगवर्गाच्या फरशीवर, सतरंज्या गुंडाळून ठेवून, त्याचं उत्तरायुष्य चाललं आहे. मी तिथे गाणी लावते. नाचण्यापेक्षा ते बरं. नाचायचं म्हणजे अनोळखी माणसाचा हात धरावा लागतो आणि शिवाय त्याच्याशी बोलावंही लागतं. लॅपटॉपमागे उभं राहिलं की सगळ्यांना वाटतं, ही कामात आहे.

या कामाचा माझा एकच नियम आहे: न ऐकलेलं गाणं लावायचं नाही. ऐकलेलं म्हणजे शेवटपर्यंत ऐकलेलं. जुन्या ध्वनिमुद्रणांत काय निघेल याचा भरवसा नसतो. सुरुवातीलाच कुणी मिनिटभर निवेदन करतं, मधेच खरखर येते, कुठे शेवटच्या सुराआधीच टाळ्या सुरू होतात. वेग मी पायानं मोजते: घड्याळ समोर ठेवून पंधरा सेकंद ठोके धरायचे आणि चारानं गुणायचं. मिनिटाला एकशेवीस ठोके असतील तर नवशिक्यांना झेपतं. एकशेऐंशीच्या वर गेलं की फक्त सराईतांनी उठावं. दिवसभर नोकरीत मी दुसऱ्यांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधते आणि संध्याकाळी गाण्यांमधल्या. घरी म्हणतात, हिला स्वतःच्या चुका करायला वेळच मिळत नाही.

दिल्लीत मिळाला.

शुक्रवार : कस्तुरबा गांधी मार्ग

मला बोलावलं होतं गुडगावच्या स्विंगवाल्यांनी. रविवारी दुपारी तीन ते सहा त्यांचा नाच होता आणि त्यांचा नेहमीचा गाणी लावणारा लग्नाला गेला होता, स्वतःच्याच. त्यांच्या प्रमुख तरुणा यांनी मेसेज केला: आधी भेटू या, तुम्ही सांगाल तिथे. मला दिल्लीतलं काहीच माहीत नव्हतं, म्हणून मी मावशीला विचारलं.

"त्यात काय विचारायचं? आपली कँटीन."

आपली कँटीन म्हणजे कस्तुरबा गांधी मार्गावरच्या आपल्या राज्याच्या अतिथिगृहातली. चाळीस वर्षं दिल्लीत काढलेल्या मावशीच्या मनात या शहराचा जो नकाशा आहे, त्यात लाल किल्ला वगैरे आजूबाजूला आहेत आणि मध्यभागी ही कँटीन आहे. अशा रीतीनं, गुडघ्यापर्यंत चामडी बूट घातलेल्या एका बाईला मी गुडगावहून मिसळ खायला बोलावलं.

बाहेर धुकं होतं, आत वाफ. शेजारच्या टेबलावर स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी चार मुलं राज्यघटनेच्या कुठल्याशा कलमावरून तावातावानं भांडत होती. इतकं मराठी एकदम कानावर पडल्यावर मला पुण्यातच असल्यासारखं वाटलं. म्हणजे मी आणखी गप्प झाले.

तरुणा यांनी पहिल्याच घासाला डोळे पुसले. "यार, ये तो कमाल है. ये नाश्ता है या सज़ा?" आणि मग, दुसरा पाव मोडत, "सुनो, एक फोल्डर भेज रही हूँ. बारह गाने हैं, बिगिनर्स के लिए. सब चेक किए हुए हैं. हर गाने के आगे स्पीड लिखी है. बस, जो बोलूँ वो लगा देना."

चेक कुणी केले, असं मला विचारायचं होतं. ते न विचारताच कळलं, कारण फोनवर बोट नाचवत त्याच म्हणाल्या, "ॲप ने निकाली है स्पीड. बिल्कुल सही आती है."

नियम सांगण्याची ही पहिली संधी. वाक्य तयार होतं, तेही इंग्रजीत, कारण मी ज्या शाळेत गेले तिथे सभ्यपणे नकार देण्याचं शिक्षण इंग्रजीतूनच मिळालं. "ओके," मी म्हणाले आणि मिसळीवर लिंबू पिळलं.

संध्याकाळी शेख काकू तिळाच्या वड्या घेऊन खाली आल्या. संक्रांत होऊन दोनच दिवस झाले होते. दिल्लीत या दिवसांत गजक मिळते. तीही तिळगुळाचीच, पण इतकी खुसखुशीत की दातांना काही कामच राहत नाही. काकूंची वडी मात्र अस्सल होती. ती खाताना वेगळं काही करता येत नाही.

"घे. गोड बोल," काकू म्हणाल्या.

"गोड राहू दे हो," मावशी आतून ओरडली. "नुसतं बोलली तरी पुष्कळ."

तोंडात वडी असल्यामुळे मला उत्तर द्यावं लागलं नाही. संक्रांतीचा हा उपयोग फारसा कुणाच्या लक्षात येत नाही.

शनिवार : पानिपत

मी शनिवार राखून ठेवला होता तो ती बारा गाणी ऐकायला. काकांनी तो राखून ठेवला होता पानिपतला.

काका म्हणजे मावशीचे यजमान, सरकारी नोकरीतून निवृत्त. ताजमहाल पाहुण्यानं आपला आपण बघावा, पण पानिपत आपण दाखवायचं, असं त्यांचं मत आहे. ज्या ठिकाणी आपण सपाटून हरलो ते पाहुण्यांना आवर्जून दाखवणारे लोक जगात आणखी कुठे असतील तर मला माहीत नाहीत. पुण्यात कुणी परीक्षेत नापास झालं, कुणाचं दुकान बसलं, की आम्ही म्हणतो, त्याचं पानिपत झालं. माझी मावसबहीण मिहिका मात्र दिल्लीत जन्मली आणि वाढली.

"ताई, तुला सांगू, पानिपत म्हणजे अचार आणि कंबल," ती गाडीत माझ्या शेजारी बसून म्हणाली.

"लोणचं आणि घोंगड्या म्हण," मावशी पुढच्या सीटवरून म्हणाली.

"हां, वही. लहानपणी आई म्हणायची ना, गणितात पानिपत झालं तुझं, तर मला वाटायचं आता अचार मिळणार."

काका गाडी चालवत होते. मी धीर करून विचारलं, स्पीकरवर माझी गाणी लावली तर चालतील का? कामाची आहेत. ते आनंदानं हो म्हणाले. तरुणपणी ते कचेरीच्या नाटकांना तबल्याची साथ करायचे. मागे पडणाऱ्या धुक्यात मी एकेक गाणं शेवटपर्यंत वाजवत होते आणि वहीत खूण करत होते. पाचव्या गाण्यापुढे लिहिलं होतं अठ्ठ्याऐंशी, म्हणजे अगदी संथ. काकांची तर्जनी स्टिअरिंगवर टकटक करत होती.

"काय लिहिलंय म्हणालीस?"

"अठ्ठ्याऐंशी."

"छे. तुझं यंत्र एकाआड एक ठोका मोजतंय. मधला धरतच नाही. ही दुगुन आहे, दुगुन! अठ्ठ्याऐंशी नव्हे, एकशे शहात्तर."

मी पायानं मोजलं. एकशे शहात्तर. लिहिली होती बैलगाडी आणि निघाली फटफटी. हे कधीकधी होतं, मला माहीत होतं. वेग मोजणाऱ्या यंत्रांना जुन्या ढोलकऱ्यांचा मधला ठोका ऐकू येत नाही आणि ती निम्माच आकडा सांगतात. म्हणून तर पाय वापरायचा. नवव्या गाण्याचंही तसंच निघालं.

"ह्यातला शब्द एक कळत नाही, पण जाहिरात लागल्यासारखं प्रसन्न वाटतं," मावशी म्हणाली. माझ्या आवडीच्या संगीताबद्दल घरातून आलेला हा आजवरचा सर्वांत चांगला अभिप्राय आहे.

अकरा गाणी झाली आणि मुरथल आलं. इथे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पराठ्यांचे ढाबे आहेत. आम्ही पोळीवर तूप घेतो, म्हणजे चमच्यानं लावतो. इथे पांढऱ्या लोण्याचा गोळाच पराठ्यावर बसलेला असतो. पराठा बिचारा खालून कडेपुरता दिसतो. "आणखी एक?" असं विचारायची पद्धत नाही. वाढतातच. मी नको म्हणणार होते. दोन आणखी खाल्ले.

काला अंब, म्हणजे लढाई झाली ती जागा, गावाबाहेर, शेतांमध्ये आहे. ज्या आंब्यावरून नाव पडलं, तो आता नाही. कुंपणाच्या आत एक स्तंभ आहे, हिरवळ आहे आणि जानेवारीत असतं तसं मऊ, उपयोग नसलेलं ऊन. संक्रांतीला इथे गावोगावची मराठी माणसं येऊन गेली होती. त्यांची झेंडूची फुलं स्तंभापाशी सुकून पडली होती. आमच्याशिवाय कोल्हापूरकडचं एक कुटुंब होतं. ते पाळीपाळीनं स्तंभापुढे उभे राहून फोटो काढत होते. हसावं की नाही हे कुणालाच ठरवता येत नव्हतं, म्हणून प्रत्येक फोटोत निम्मे हसत होते.

काकांनी टोपी काढली. मग मला म्हणाले, "सेनापती हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले. सैन्यानं बघितलं तर अंबारी रिकामी. वाटलं, गेले. आणि पळापळ सुरू झाली. एवढ्या मोठ्या फौजेत एकानं ओरडून सांगायला हवं होतं की आहेत, जिवंत आहेत म्हणून."

"सांगितलं असेल कुणी," मी म्हणाले.

"पुटपुटला असेल," काका म्हणाले. "तुझ्यासारखा."

येताना लोणचं घेतलं. बारावं गाणं परतीच्या वाटेवर ऐकायचं होतं. त्यापुढे लिहिलं होतं शहाण्णव. परत निघाल्यावर काकांनी गाडीचा स्पीकर ताब्यात घेतला आणि नाट्यसंगीत लावलं. माझ्या पर्समध्ये इअरफोन होते. प्रवासवर्णनात खोटं लिहू नये, म्हणून सांगते: गाणं तीन मिनिटांचं होतं, रस्ता दोन तासांचा होता, आणि मी लोण्याच्या गुंगीत द्वारकेपर्यंत झोपले.

रविवार : गुडगाव

नाच होता एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये. लाकडी जमीन, पश्चिमेला मोठ्या खिडक्या. मी एकटी जाणार होते. मावशी, मिहिका आणि शेख काकू माझ्याबरोबर आल्या, कारण "पोरगी एवढ्या लांबून आली, तिचं बघायला कुणी नको?" बघायला कुणी नको म्हणूनच मी हे काम पत्करलं होतं, पण ते लिफ्टमध्ये सांगण्यासारखं नव्हतं.

काकूंनी आत येताच चारी बाजूंना नजर फिरवली. कोपऱ्यात कमरेएवढे दोन स्पीकर होते. त्यांनी एकाच्या डोक्यावर, अशक्त वासरावरून फिरवावा तसा हात फिरवला. "एवढेच?"

"आवाज कमी ठेवायचा असतो, काकू. नाचणाऱ्यांना एकमेकांशी बोलता यावं म्हणून."

"नाचताना बोलायचं कशाला?"

या एका मुद्द्यावर काकूंचं आणि माझं पूर्ण एकमत आहे.

दिल्लीचे स्विंगवाले आमच्यापेक्षा नटतात. पुण्यात आम्ही कचेरीतून येतो तसेच नाचतो. इथे टोप्या होत्या, पट्ट्यांनी खांद्याला अडकवलेल्या विजारी होत्या, ठिपक्यांचे फ्रॉक होते आणि फ्रॉकांच्या बाहीखालून थर्मल डोकावत होते. आमच्याकडे कुणाला नाचायला विचारताना आधी दहा मिनिटं इकडचं तिकडचं बोलतात. इथे सरळ समोर येऊन हात पुढे करतात. मी दोन हात लॅपटॉपवर ठेवले होते.

मी तारा जोडत असताना सत्तरीला टेकलेलं एक जोडपं जवळ आलं. सरदाना अंकल आणि आंटी. सहा आठवड्यांचा नवशिक्यांचा वर्ग त्यांनी नुकताच पुरा केला होता आणि लोकांसमोर नाचायची त्यांची ही पहिलीच वेळ होती. अंकलनी कोट घातला होता, बुटांना ताजं पॉलिश होतं.

"बेटा, चालीस साल से ये कह रही है नाचो, और मैं कह रहा हूँ घुटने," ते हळू आवाजात म्हणाले. "आज पहली बार हाँ की है. कुछ ऐसा लगाना कि इज़्ज़त रह जाए."

"इज़्ज़त इनकी है," आंटी म्हणाल्या, "पाँव मेरे कुचले जाएँगे."

मी मान हलवली. माझ्याकडे त्यांच्यासाठी गाणं होतं. माझ्या स्वतःच्या यादीत, एकशे अठराचं, क्लॅरिनेटचं. ते मी चाळीस वेळा तरी ऐकलं असेल.

पहिला दीड तास छान गेला. यादी घरून करून नेतात, पण गाणी निवडायची असतात ती समोर बघून. मी चेहरे बघत नाही, पाय आणि पाण्याच्या बाटल्या बघते. बाटल्यांभोवती गर्दी झाली की एक संथ गाणं. पाय जागच्या जागी चुळबुळायला लागले की एक वेगवान. तीन गाण्यांत एखादी जोडी भिंतीलाच टेकून राहिली तर चौथं तिच्यासाठी. कुणाला कळत नाही की आपल्याकडे कुणी बघितलं. मला बोलण्यापेक्षा ही भाषा जमते. मधे एकदा मान वर केली तर मावशी पायानं ठेका धरून बसली होती आणि काकू एका टोपीवाल्याला तिळाची वडी देऊन "गोड बोला" म्हणायला शिकवत होत्या.

साडेचारला तरुणा यांनी माईक घेतला. आता फक्त नवे विद्यार्थी नाचतील, बाकीच्यांनी गोल करून उभं राहावं आणि सरदाना अंकल-आंटी सुरुवात करतील. टाळ्या पडल्या. अंकलनी कोटाचं बटण लावलं, काढलं, परत लावलं. तरुणा माझ्याकडे वळल्या.

"नंबर बारह लगाओ. नाइंटी-सिक्स वाला. सबसे स्लो है."

माझं बोट क्लॅरिनेटच्या गाण्यावर होतं. "हे नको, मी ऐकलेलं नाही," एवढंच म्हणायचं होतं. मला काकांची स्टिअरिंगवरची तर्जनी आठवली. आठवली होती, हे मी मुद्दाम लिहिते; नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की मला कल्पना नव्हती. पण तीस-चाळीस लोक गोल करून उभे होते, टाळ्या चालू होत्या, आणि नाही म्हणण्यापेक्षा हेडफोन कानाला लावणं सोपं होतं. लावला. एकटा पियानो, संथ, सायंकाळी कुणी अंगण झाडावं तसा. मला इतकं हायसं वाटलं की मी पुढे सरकवून बघितलंच नाही.

गाणं लावलं.

अंकलनी आंटींचा हात धरला. एक, दोन, मागे, पुढे. वर्गात शिकवलं होतं अगदी तसं, ओठांत मोजत. आंटी त्यांच्याकडे बघत होत्या. चाळीस वर्षांनी कुणी हो म्हटल्यावर माणूस कसं बघतं, ते मला तोवर माहीत नव्हतं.

आणि मग ढोलकरी आला. तो पहिल्या ठोक्यापासून धावतच आला आणि त्याच्यामागून सगळा वाद्यवृंद. शहाण्णव नव्हे, एकशे ब्याण्णव. दुगुन. अंकलनी पावलं जुळवायचा प्रयत्न केला. एक गिरकी अर्ध्यात राहिली, एक पाय आंटींच्या पायावर पडला. गोलातले लोक प्रोत्साहन म्हणून तालावर टाळ्या वाजवू लागले, म्हणजे दुप्पट वेगानं. याहून निर्दय मदत मी पाहिलेली नाही. अंकल थांबले. गुडघ्यावर हात ठेवून हसले. "बस, हो गया," म्हणाले आणि खुर्चीकडे गेले. मी गाणं बंद केलं. शांततेत पुढचं वाक्य सगळ्यांना ऐकू गेलं.

"कहा था न मैंने," ते आंटींना म्हणत होते, "मेरे घुटनों के बस का नहीं है."

"छोटी सी टेक्निकल प्रॉब्लम," तरुणा माईकवर म्हणाल्या. सगळ्यांनी सहानुभूतीनं लॅपटॉपकडे बघितलं. लॅपटॉपसारखा गुणी आरोपी नाही. तो काही कबूल करत नाही आणि नाकारतही नाही. त्याच्यामागे उभं राहून मी आणखी तासभर सुखानं गाणी लावू शकले असते. कुणी काही विचारलं नसतं. फक्त अंकल आणखी चाळीस वर्षं गुडघ्यांना दोष देत बसले असते, आणि एवढी वर्षं त्यांच्याकडे नव्हती.

आंटी खाली वाकून बुटांची नाडी सोडत होत्या.

शेख काकू माझ्या टेबलापाशी कधी आल्या कळलं नाही. त्यांना ठोके मोजता येत नाहीत, पण मिरजेला तंबोरे बनताना बघत मोठी झालेली बाई आहे ती. "पेटीनं काही केलेलं नाही," त्या लॅपटॉपकडे बघत हळूच म्हणाल्या. "काय झालं ते तुला माहितेय." आणि वडी पुढे केली.

वडी घेतली असती तर पुन्हा सुटका होती. मी घेतली नाही.

माईक उचलला. तो आधी किंचाळला. मनात एक सुरेख इंग्रजी वाक्य तयार होतं, दोन ठिकाणी दिलगिरी असलेलं. ते आलं नाही. जे आलं त्यात, मिहिकाच्या मते, लिंगाच्या चुकाच चुका होत्या. मी म्हणाले, "अंकल, गलती आपका घुटना का नहीं है. गाना बहुत फास्ट था, डबल. मैंने सुना नहीं था, फिर भी लगाया. लॅपटॉप का भी नहीं. मेरा गलती."

"मेरी," मागून मिहिका सवयीनं म्हणाली.

"मेरी गलती," मी म्हणाले.

लोक हसले. अंकल हसले नाहीत. त्यांनी मान वर केली. "मतलब मैं ठीक नाच रहा था?"

"पियानो तक," आंटी म्हणाल्या. त्यांचा हात नाडीवर थांबला होता.

तरुणा गोल ओलांडून आल्या. रागावल्या नव्हत्या, बहुधा घाईत होत्या. फोन माझ्यासमोर धरून म्हणाल्या, "अच्छा, कोई बात नहीं. ये लगा दो, ये पक्का स्लो है. अभी ॲप पे देखा."

फोनवरचं गाणं मी कधीच ऐकलेलं नव्हतं. मी त्यांच्याकडे बघितलं. माईक चालू होता, आणि आपण कुठल्या भाषेत बोलतोय हे बघायचं मी विसरले होते.

"नाही," मी म्हणाले. "न ऐकलेलं गाणं मी लावत नाही."

मग क्लॅरिनेटच्या गाण्यावर बोट ठेवलं. शेवटाकडे त्यात एक विराम आहे, नवख्याला वाटतं संपलं. तो कुठे येतो, किती टिकतो, हे मला पाठ होतं.

"अंकल, उठा. हे मी ऐकलंय. शेवटपर्यंत."